लिस्बनची शिष्यवृत्ती की पुण्यातली नोंदणी

२०२४ च्या पावसाळ्याच्या तोंडावर, एकाच पंधरवड्यात, मला दोन ठिकाणांहून होकार आला. लिस्बनमधल्या एका संस्थेने दहा महिन्यांची संशोधन शिष्यवृत्ती देऊ केली होती आणि तिचे काम ऑक्टोबरात सुरू व्हायचे होते. पुण्यातल्या एका संशोधन केंद्रात पीएच.डी.च्या मुलाखतीतून माझी निवड झाली होती आणि तिथे महिन्याभरात कागदपत्रे व शुल्क भरून प्रवेश निश्चित करायचा होता. अर्ज दोन्हीकडे केले होते ते एक तरी लागावा म्हणून. दोन्ही लागले तर काय करायचे, याचा विचार करण्याची गरज तेव्हा वाटली नव्हती. विज्ञान शाखेतल्या मित्रमैत्रिणींना असे पेच नेहमीचे असतात, पण प्रयोगशाळा, अनुदान आणि शोधनिबंध यांभोवती फिरणारे त्यांचे हिशेब दप्तरखान्यात बसून इतिहासाचे काम करणाऱ्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. म्हणून ही हकिकत थोड्या तपशिलाने लिहीत आहे.

मी मूळची रेवदंड्याची. गावाला वेढून असलेला आगरकोट म्हणजे पोर्तुगिजांचे चौल. १५२१ साली त्यांनी इथे किल्ला बांधायला घेतला आणि वसई पडल्यानंतर वर्षभराने, १७४० साली, तो तहाने मराठ्यांकडे आला. एवढ्या काळात कोटाच्या आतल्या-बाहेरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या कोणाकडे होत्या, त्यांच्यावर कोणता भार होता, आणि १७४० नंतर पेशव्यांच्या कारकुनांनी तोच हिशेब पुढे चालवला की मोडून नव्याने मांडला, हा माझा प्रश्न आहे. वसईच्या मोहिमेवर मराठीत भरपूर लिहिले गेले आहे. चिमाजी अप्पा, वेढा, सुरुंग, १७३९ चा मे महिना हे सारे शाळेपासून ठाऊक असते. पण निशाण बदलल्याच्या दुसऱ्या वर्षी एखाद्या वाडीवाल्याने फाळा कोणाकडे भरला आणि तो कोणत्या जुन्या कागदाच्या आधारे ठरला, याबद्दल फार थोडे हाती लागते.

या प्रश्नाचे कागद तीन शहरांत विभागलेले आहेत आणि माझ्यापुढचा सारा पेच त्यातूनच निघाला. मराठ्यांच्या बाजूचे कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात, पेशवे दप्तराच्या रुमालांत, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांत, आहेत. मला विशेष लागणारे रुमाल ‘प्रांत अजमास’ या जमाखर्चाच्या विभागातले. गो. स. सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत दप्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापून काढले, परंतु त्या निवडीचा भर राजकारणावर होता. जमाखर्चाच्या कागदांचा फार मोठा भाग अजून मोडीतच आहे. पोर्तुगिजांच्या बाजूचे कागद पणजी आणि लिस्बन असे दोन ठिकाणी आहेत. गोव्याचे सरकारी दप्तर १५९५ साली सुरू झाले आणि दियोगो दो कौतो हा त्याचा पहिला दप्तरदार. राजाची पत्रे घेऊन निघालेली गलबते साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्याला लागत आणि उत्तरे घेऊन डिसेंबर-जानेवारीत परत निघत. या पत्रव्यवहाराच्या जाडजूड वह्या ‘मोन्सोइस दो रेनो’ या नावाने ओळखल्या जातात. त्यांपैकी ६२ वह्या १७७७ साली लिस्बनला नेण्यात आल्या आणि आता तिथल्या ‘तोर्रे दो तोंबो’ या राष्ट्रीय दप्तरखान्यात आहेत. याशिवाय समुद्रापलीकडच्या प्रदेशांचा कारभार पाहण्यासाठी १६४२ साली स्थापन झालेल्या राजमंडळाचे कागद लिस्बनच्याच दुसऱ्या एका दप्तरखान्यात, ‘आर्किव्हो इस्तोरिको उल्त्रामारिनो’त, पेट्यांमध्ये ठेवलेले आहेत.

लिस्बनचे आकर्षण कशाचे होते, हे प्रांजळपणे सांगायचे तर त्यात कागद होतेच, पण केवळ कागद नव्हते. दहा महिने वाचनाखेरीज दुसरे कोणतेही काम नसणे ही इतिहासाच्या विद्यार्थ्याला क्वचितच मिळणारी चैन आहे. इथे एम.ए. झाल्यापासून मी तासिका तत्त्वावर शिकवत होते, म्हणजे सकाळी महाविद्यालय, दुपारी दप्तरखाना आणि संध्याकाळी उत्तरपत्रिका. शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेत जुन्या पोर्तुगीज हस्ताक्षरांचे वर्ग चालत असत. शेजारच्या मेजावर ब्राझील, मोझांबिक, मकाव अशा ठिकाणच्या जमिनींवर काम करणारी माणसे बसलेली असणार होती, आणि जमिनी कायमच्या खंडाने देण्याची जी पद्धत मला रेवदंड्यापुरती समजून घ्यायची होती तिची दुसरी रूपे त्यांच्याकडून आयती कळणार होती. आपल्याकडे या विषयावर बोलायला माणूस शोधावा लागतो. गोव्याचे इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकर यांच्या पिढीनंतर पोर्तुगीज आणि मोडी या दोन्ही लिप्यांत सहज वावरणारे अभ्यासक किती उरले, हे या क्षेत्रातल्या कोणालाही विचारून पाहावे.

पैशांचे गणित लिस्बनच्या विरुद्ध होते, पण एवढे विरुद्ध नव्हते की तेवढ्यावर निर्णय व्हावा. शिष्यवृत्तीची रक्कम पोर्तुगालमधल्या त्या वर्षीच्या किमान वेतनाच्या, म्हणजे दरमहा ८२० युरोंच्या, थोडी वर होती. त्यातले निम्म्याहून अधिक पैसे भाड्याच्या खोलीतच जातील असे तिथे राहून आलेल्यांनी सांगितले होते. इकडे विद्यापीठ अनुदान आयोगाची, म्हणजे यूजीसीची, कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मला नेट परीक्षेतून मिळालेली होती. तिची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली आहे, घरभाडे भत्ता वेगळा. आमच्या घरी हा आकडा केवळ माझा नव्हता. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आमच्या वाडीतली बहुतेक पोफळ आडवी झाली, आणि नव्याने लावलेली सुपारी उत्पन्न द्यायला लागेपर्यंत पाच-सात वर्षे तरी थांबावे लागते. बाबांनी या गोष्टीचा उल्लेखही केला नाही. आईने मात्र एकदा, जेवताना, फेलोशिपचे पैसे महिन्याच्या महिन्याला येतात की वर्षाने एकदम, एवढेच विचारले.

आता नियमांकडे येते, कारण अशा निर्णयात माणसे ध्येय, संधी, अनुभव असल्या शब्दांवर बोलत राहतात आणि नियम शेवटी वाचतात. माझ्या मते ते आधी वाचावेत. यूजीसीचे पीएच.डी.विषयक २०२२ चे विनियम सांगतात की अभ्यासक्रम धरून किमान तीन आणि कमाल सहा वर्षांत प्रबंध पुरा करायचा. त्यापुढे पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षे मिळू शकतात आणि महिलांना दोन वर्षांची जादा सवलत आहे. अधिछात्रवृत्तीची एकूण मुदत पाच वर्षांची. नोंदणी झाली की ही दोन्ही घड्याळे चालू होतात. मध्येच परदेशी दप्तरखान्यात जायचे झाले तर वर्षभरापर्यंत शैक्षणिक रजा मिळू शकते, पण त्या काळात अधिछात्रवृत्तीचे पैसे मिळत नाहीत आणि तो काळ पाच वर्षांतच मोजला जातो. या बाजूने पाहिले तर आधी लिस्बनला जाऊन यावे आणि मग नोंदणी करावी, हेच शहाणपणाचे ठरत होते. अधिछात्रवृत्तीचे पत्र दिल्यापासून तीन वर्षे वैध असते आणि माझ्या पत्राचे जेमतेम एक वर्ष सरले होते.

अडचण दुसऱ्याच कलमात होती. सेवानिवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या प्राध्यापकाला नवीन संशोधक विद्यार्थी घेता येत नाही. ज्या मॅडमच्या मार्गदर्शनाखाली मला काम करायचे होते त्यांच्या निवृत्तीला तीन वर्षे आणि वर काही महिने राहिले होते. म्हणजे त्या वर्षी नोंदणी झाली तर त्या माझ्या मार्गदर्शक असतील, आधीच नोंदलेली विद्यार्थिनी म्हणून निवृत्तीपर्यंत माझे काम पाहतील आणि नंतरही, वयाच्या सत्तरीपर्यंत, सहमार्गदर्शक राहू शकतील. पण मी दहा महिन्यांनी परत आले तर नियमाने त्यांना मला घेताच येणार नव्हते. दुसरा मार्गदर्शक पाहावा, ही सूचना करणे सोपे आहे. प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार अशी विद्यार्थ्यांची मर्यादा आहे. मोडीतले जमाबंदीचे कागद वाचणारे मार्गदर्शक मुळात मोजके आणि त्यांच्याकडच्या जागा भरलेल्या. नोंदणी करून लगेच लिस्बन गाठता येईल का, हेही मी विद्यापीठाच्या कचेरीत विचारून पाहिले. पहिल्या वर्षी किमान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम हजेरीसह पुरा करावा लागतो, तो होईपर्यंत रजेचा अर्ज पुढे जाणार नाही, असे उत्तर मिळाले. शिष्यवृत्ती एक वर्ष पुढे ढकलता येईल का, असे लिस्बनला विचारले, तर तिकडून अत्यंत सौजन्यपूर्ण नकार आला: या वर्षीची रक्कम पुढच्या वर्षी नेता येत नाही, मात्र पुन्हा अर्ज करण्यास आडकाठी नाही.

सल्ल्यांविषयी फार लिहीत नाही. परदेशी राहून आलेल्यांनी जा म्हटले, न गेलेल्यांनीही जा म्हटले, आणि ज्यांचे प्रबंध सहा-सहा, आठ-आठ वर्षे रखडले होते त्यांनी नोंदणीची घाई करू नकोस म्हणून बजावले. ‘बाहेर जाऊन आलेल्याला इथे वेगळा मान मिळतो’ हे वाक्य इतक्या जणांच्या तोंडून ऐकले की त्यातला खरेपणा मान्य करूनही मला त्याचा कंटाळा आला. लिस्बनलाच डॉक्टरेट का करत नाहीस, हा प्रश्न मात्र गंभीर होता आणि त्यावर मी बरेच दिवस घालवले. पोर्तुगालमध्ये शासकीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या चार वर्षांपर्यंतच्या डॉक्टरेट शिष्यवृत्त्या होत्या आणि तिथल्या वास्तव्यात त्यासाठी अर्ज करणे सोपे गेले असते. पण माझ्या प्रश्नाचा अर्धा भाग पुण्याच्या रुमालांत बांधलेला आहे. तिथले मार्गदर्शक मोडी वाचत नाहीत, जशा इथल्या माझ्या मॅडम पोर्तुगीज वाचत नाहीत. दोहोंपैकी एका बाजूला मला मार्गदर्शकाविना चालावे लागणारच होते. कोणत्या बाजूला आधार हवा आणि कोणत्या बाजूला एकटीने चालायची तयारी आहे, एवढेच ठरवायचे होते.

मॅडमना भेटायला गेले तेव्हा त्यांनी दोन्ही पत्रे शांतपणे वाचली आणि म्हणाल्या, “जाऊ नकोस असं मी म्हटलं तर ते माझ्या सोयीचं होईल. जा म्हटलं तर मी मोठेपणा मिरवतेय असं होईल. म्हणून मी काही सांगत नाही. मला फक्त एक सांग, लिस्बनला गेल्यावर पहिल्या सोमवारी कोणता कागद मागशील?”

मी म्हटले, “१७४० च्या आसपासच्या गोव्याच्या पेट्या.”

“कोणत्या? त्या पेट्यांत वाड्यांचे कागद आहेत हे तुला कशावरून माहीत?”

माझ्याकडे उत्तर होते, पण ते इतरांच्या तळटिपांवरून जमवलेले होते. मॅडमनी पुढे काहीच विचारले नाही. त्यांच्या टेबलावर कोणाचा तरी आराखडा तपासायचा पडला होता, त्याकडे त्या वळल्या. लिस्बनला होकार किंवा नकार कळवायला अजून अवधी होता. मी महाविद्यालयातून रजा घेतली आणि पणजीला गेले.

पणजीच्या पुराभिलेखागारात मी आधीही गेले होते, पण तेव्हा छापील सूची चाळण्यापुरती. या वेळी ठरवून गेले होते की १७३९ ते १७४२ या काळातल्या वह्या मागवायच्या आणि आपल्याला त्या खरोखर वाचता येतात का, हे पाहायचे. पांडुरंग पिसुर्लेकर या दप्तराचे अनेक वर्षे प्रमुख होते. १९५५ साली त्यांनी या दप्तराची जी वाटाडी सूची पोर्तुगीजमध्ये प्रसिद्ध केली तिच्यावाचून आजही इथे पाऊल टाकता येत नाही. सूची पाहताना एक गोष्ट पहिल्याच दिवशी स्पष्ट झाली, जी मी वाचली असूनही तिचा अर्थ माझ्या निवडीशी जोडला नव्हता: १७७७ साली लिस्बनला गेलेल्या वह्या मुख्यतः सतराव्या शतकाच्या पूर्वार्धाच्या आहेत. माझ्या काळातल्या वह्या गोव्यातच राहिल्या आहेत. लिस्बनला जे मिळणार ते राजमंडळापर्यंत पोचलेले कागद, म्हणजे गोव्याहून वर पाठवलेली निवड. ती निवड कशातून झाली, हे पणजीला बसल्याशिवाय कळणार नव्हते.

वही समोर आली तेव्हा पहिले पान वाचायला मला सबंध सकाळ लागली. मी पणजीतल्याच पोर्तुगीज भाषा केंद्राच्या परीक्षा दिल्या होत्या, वर्तमानपत्र आणि छापील ग्रंथ मी बऱ्यापैकी वाचत होते. पण अठराव्या शतकातल्या कारकुनाला माझ्या परीक्षांशी कर्तव्य नव्हते. दर दोन शब्दांआड येणारा ‘के’ हा शब्द तो पुरा लिहितच नाही, पहिल्या अक्षरावर एक आडवी रेघ ओढतो आणि पुढे जातो. राजाला उद्देशून येणारे आदरार्थी शब्द पहिल्या दोन-तीन अक्षरांत उरकून शेवटची अक्षरे बारीक करून वर टांगतो. शब्द एकमेकांना चिकटलेले, परिच्छेद नाहीत, विरामचिन्हे लहर लागेल तशी. लोहयुक्त शाई कागदात उतरत गेल्यामुळे पानाच्या पाठीमागच्या ओळी पुढच्या ओळींच्या मधल्या जागेत उमटलेल्या, काही ठिकाणी शाईने अक्षराच्या जागी नुसती भोके ठेवलेली, आणि दुरुस्तीसाठी चिकटवलेल्या पातळ कागदाखाली सगळे किंचित धुरकट. मोडी शिकताना हाच त्रास झाला होता, पण मोडीच्या वेळी चुकले की समोर विचारायला माणूस होता आणि कागदातली गावे, आडनावे, पिके माझ्या ओळखीची होती. इथे ओळखीचा आधार सापडायला वेळ लागला. तो सापडला तो आकड्यांत: भाताचे मुडे, शेराफीं या नाण्यांतल्या रकमा, आणि एका ओळीत ‘शाउ राजा’, म्हणजे आपले शाहू महाराज. तिथून उलट वाचत गेल्यावर वाक्याचा अर्थ लागला.

आणखी एक गोष्ट तिथेच लक्षात आली. समुद्रात गलबत बुडण्याची भीती असल्यामुळे महत्त्वाचे पत्र एकाहून अधिक प्रतींत, वेगवेगळ्या गलबतांतून पाठवले जाई आणि प्रतीवर ती पहिल्या वाटेची की दुसऱ्या वाटेची, हे नमूद असे. पत्रात ‘सोबत जोडले आहे’ असा उल्लेख येतो, परंतु जोडलेला कागद वहीत बहुधा नसतो. तो पत्राबरोबर लिस्बनला गेलेला असतो. मला हव्या असलेल्या याद्या, कोणाची कोणती वाडी आणि तिचे उत्पन्न काय, या अशाच जोडपत्रांत असण्याचा संभव जास्त. म्हणजे पणजीच्या वह्या ओळीने वाचल्या की कोणत्या वर्षीच्या कोणत्या पत्राचे जोडपत्र लिस्बनच्या पेटीत शोधायचे, याची यादी आपोआप तयार होत जाते. मॅडमच्या प्रश्नाचे उत्तर लिस्बनमध्ये नव्हे, इथे तयार होणार होते, आणि माझ्या वाचनाचा वेग पाहता ते काही आठवड्यांत होणारे नव्हते.

याच्या उलट बाजूही मी स्वतःपुढे मांडून पाहिली. लिस्बनच्या वर्गात बसले असते तर ही हस्ताक्षरे मी कदाचित चौपट वेगाने शिकले असते. दप्तरखान्यात अनपेक्षितपणे हाती लागणारा कागद यादी करून येत नाही. पेट्या नुसत्या उघडत गेल्यानेही प्रबंधाचा विषय सापडल्याची उदाहरणे आहेत. पण ही दुसरी वाट ज्याला विषय शोधायचा आहे त्याची. माझा विषय ठरलेला होता, मराठी बाजूचे कागद पुण्यात वाट पाहत होते आणि ते माझ्याबरोबर वाचू शकणारी व्यक्ती तीन वर्षांत निवृत्त होणार होती. हस्ताक्षर शिकवणारे वर्ग पुढच्या वर्षीही भरणार होते. मॅडमच्या कारकिर्दीतली ही शेवटची जागा मात्र पुढच्या वर्षी राहणार नव्हती. पणजीहून परतताना, दिवा पॅसेंजरच्या गर्दीत पनवेलपर्यंत उभे राहून, मी नकाराच्या पत्राचा मसुदा मनात तयार केला.

ते पत्र लिहिणे सोपे गेले नाही. नकार कळवताना कारण द्यावे की नुसते आभार मानावे, याबद्दल मतभेद आहेत. मी कारण दिले, आणि पणजीतल्या कामाची माहिती देऊन शेवटी एक विचारणाही केली, की १७४० ते १७४५ या काळातल्या जोडपत्रांच्या सूचीचे काम तिथे कोणी केले आहे का. आठवड्याभरात संस्थेतल्या एका ज्येष्ठ संशोधिकेचे उत्तर आले. त्यांनी निर्णयाबद्दल एका ओळीत समजूतदारपणे लिहून पुढची दोन पाने सूचीबद्दलच लिहिली होती: कोणत्या पेट्यांचे वर्णन छापील सूचीत चुकीच्या वर्षाखाली गेले आहे, राष्ट्रीय दप्तरखान्याच्या संकेतस्थळावर कोणते भाग घरबसल्या पाहता येतात, आणि १५९१-९२ साली तयार झालेल्या चौलच्या ‘तोंबो’ची, म्हणजे जमिनी व उत्पन्नांच्या नोंदवहीची, छापील आवृत्ती माझ्या कामाचा पाया म्हणून आधी का वाचावी. तेव्हापासून आमचा पत्रव्यवहार चालू आहे.

नोंदणीनंतरचे पहिले वर्ष, खरे सांगायचे तर, रटाळ गेले. संशोधन पद्धती, संशोधनाची नीतिमत्ता, संगणकाचा वापर, मग लेखी परीक्षा. दर महिन्याला अधिछात्रवृत्तीसाठी कॅनरा बँकेच्या पोर्टलवर विद्यापीठाने माझी नोंद कायम केली की नाही हे पाहणे. दर सहामाहीला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगतीचे सादरीकरण. त्या वर्षी लिस्बनला गेलेल्या, माझ्याच वयाच्या एका संशोधकाचा पहिला निबंध तिथल्या नियतकालिकात आला तेव्हा मला हेवा वाटला, आणि तो वाटणार नाही असे मी ठरवलेही नव्हते. पण दर शनिवारी मॅडमबरोबर रुमाल वाचायचा परिपाठ सुरू झाला. मी एकटीने वाचला असता तर ज्या ताळेबंदाला मी नवी जमाबंदी समजले असते, त्यात ‘फिरंगी अमलाप्रमाणे’ अशा अर्थाची नोंद कारकुनाने कुठे, किती बारीक करून ठेवली आहे, हे त्यांनी बोट ठेवून दाखवले. जुना हिशेब पुढे चालवला की मोडला, या प्रश्नाचे उत्तर वाडीगणिक वेगळे निघते आहे. आराखड्यात मी ते एका वाक्यात मांडले होते. आता त्याची दोन प्रकरणे होतील असे दिसते.

पणजीला मी सुट्टीच्या काळात जात राहिले. वाचनाचा वेग वाढला आहे. एका सकाळी एक पान, ही अवस्था मागे पडली. जोडपत्रांची यादी आता बऱ्यापैकी लांब झाली आहे आणि त्यातल्या काही नोंदी लिस्बनहून डिजिटल रूपात मिळाल्यामुळे खोडल्याही गेल्या आहेत. पुढच्या वर्षी मॅडम निवृत्त होतील. त्या सहमार्गदर्शक म्हणून राहाव्यात आणि मुख्य मार्गदर्शक म्हणून केंद्रातल्या दुसऱ्या प्राध्यापकांचे नाव यावे, असा प्रस्ताव समितीपुढे ठेवला आहे. लिस्बनच्या संशोधिकेलाही औपचारिकपणे जोडून घेता येईल का, याची विचारणा केली आहे, पण त्याला वरची मान्यता लागते आणि ती लवकर मिळेल असे कोणी सांगत नाही.

लिस्बनला जायचे आहेच. भारतीय इतिहास अनुसंधान परिषद परदेशातल्या दप्तरखान्यांत साधने पाहण्यासाठी प्रवास अनुदान देते आणि तिच्या अर्जाचा मसुदा तयार आहे. त्या संस्थेच्या शिष्यवृत्तीसाठीही पुन्हा अर्ज करता येईल, पण दहा महिन्यांची शैक्षणिक रजा घेतली तर तेवढ्या महिन्यांची अधिछात्रवृत्ती बुडते आणि वाडीतली नवी सुपारी अजून पुरती धरलेली नाही. म्हणून अर्ज तीन महिन्यांचा करणार आहे. यादीतल्या पेट्यांना तेवढे पुरतील, असे लिस्बनच्या बाईंनी कळवले आहे. मॅडमच्या मते चार लागतील.